त्रेचाळीस व्हॉल्व्ह, एक हात

दुपारच्या जेवणानंतर दिवे मालवायचे आणि तासभर कोणी कोणाशी बोलायचे नाही, हा नियम तैवानच्या तैनान शहरातील त्या रुग्णालयाच्या बांधकामावर कोठेही लिहून लावलेला नव्हता. बहुधा म्हणूनच तो कोणी मोडीत नसे. पत्र्याच्या लांबट कचेरीत पुठ्ठे अंथरून, तोंडावर टोप्या ओढून माणसे निजत. त्या अंधारात आपल्या टेबलापाशी कोणीतरी उभे आहे, हे डबा धुऊन परतलेल्या यूफनला दिसले. तरीही ती ओरडली नाही. मात्र त्याचे श्रेय तिच्या धैर्याला नव्हे, त्या नियमालाच द्यावे लागेल.

"काय करताय?" ती कुजबुजली.

तो तरुण दचकला. यंत्र बिघडू नये म्हणून तिकडच्या रिवाजाप्रमाणे तिच्या कॉम्प्युटरवर ठेवलेला मक्याच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा त्याच्या हातात होता.

"ठेवा तो आधी! यंत्रावरचा पुडा खातं का कोणी?"

"खात नाहीये हो. तारीख बघा... काल संपली." त्याने पिशवीतून तसाच नवा पुडा काढून जागेवर ठेवला. "शिळा नैवेद्य दाखवल्यावर यंत्र रुसणार नाही तर काय? सकाळपासून तीनदा बंद पडलं ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. तुमचा आवाज खाली तळघरापर्यंत आला."

त्याचे नाव चो यीथिंग. परंतु पाइप जोडणारे सगळे फिटर त्याला आ-थिंग म्हणत. यूफन आ-थिंगला ओळखत नसली, तरी आ-थिंग यूफनला ओळखत होता, कारण तिला न ओळखणारा माणूस त्या बांधकामावर उरला नव्हता. तैपेईच्या मुख्य कचेरीतून ती स्वतः मागून घेऊन येथे आली होती. इमारत प्रत्यक्ष उभी राहण्यापूर्वी ती पाइपांसकट, तारांसकट आणि प्रत्येक पंपाच्या वजनासकट कॉम्प्युटरमध्ये उभारायची, या विद्येला बीआयएम म्हणतात; फिटर तिला 'मॅडमचा खेळ' म्हणत. तळघरातल्या पंपघरापुरता हा खेळ तिने तीन महिन्यांत खरा करून दाखवायचा होता. अकरा फिटरांनी तिच्या आराखड्यावर सह्या केल्या, तर इमारत पूर्ण होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षे, ती येथे राहणार होती. एकाचीही सही राहिली, तर जो आधी पोचेल त्याचा पाइप आधी, ही जुनी रीत पुन्हा सुरू होणार होती आणि ती तैपेईला परत जाणार होती. सहा आठवडे सरले होते. सही एकही नव्हती.

"हे लाल काय आहे?" आ-थिंगने पडद्याकडे बोट केले.

"टक्कर. तिथे पाण्याचा पाइप हवेच्या डक्टमध्ये घुसलाय."

"आणि हिरवं?"

"हिरवं म्हणजे सगळं ठीक. कोणी कोणाला लागत नाही."

तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या शर्टाला वंगणाचा आणि आल्याच्या चहाचा वास होता.

"हा व्हॉल्व्ह कोण फिरवणार?"

"तुम्ही."

"मग ह्यात मी कुठे आहे?"

यूफन पडद्यावर शोधू लागली. प्रश्न बाळबोध होता, असे कोणी म्हणेल; पण जो प्रश्न विचारल्यावर दीड महिन्याचे काम अपुरे ठरते, त्याला बाळबोध म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? तिच्या त्या पंपघरात त्रेचाळीस व्हॉल्व्ह होते, सहा पंप होते, बोल्टसुद्धा मोजून बसवलेले होते. माणूस मात्र एकही नव्हता.

"उद्या याल?" तिने विचारले. "याच वेळेला. मला तुमचं माप घ्यायचंय."

"माझं?... कोट शिवताय?"

"जागा शिवतेय. हळू बोला."

आणि तो आला. मग रोज येऊ लागला. निजलेल्या माणसांच्या घोरण्याआड, गरगरणाऱ्या पंख्याखाली, यूफन टेप काढी आणि आ-थिंग हवेतला व्हॉल्व्ह फिरवी.

"मूठ," ती म्हणे.

"नुसती, की पान्यासकट?"

"दोन्ही. आता कोपर मागे न्या... अजून. लागतं का?"

"हवाच आहे मागे. लागेल काय?"

"तिथे भिंत आहे असं समजा."

"समजलो. भिंत फार जवळ आहे, मॅडम... तुमच्या केसांना कसला वास येतो?"

"मनगटापर्यंत सत्तावीस," ती घाईघाईने लिहीत म्हणाली.

"चांगलं आहे की वाईट?"

"माप आहे. माप चांगलं-वाईट नसतं."

"मग गाल लाल का झाले?"

"पडद्याचा उजेड आहे."

"पडदा तर हिरवा दिसतोय..."

मोबदला म्हणून ती त्याला मॉडेल शिकवी. खांद्यावर सहा मीटरचा पाइप लीलया नेणारा हा गडी माउस असा धरी, की जणू अंडे फुटेल. पहिल्या दिवशी पडद्यावर तो जमिनीतून आरपार इमारतीच्या पायाखाली गेला आणि दहा मिनिटे वर येऊ शकला नाही. पंधरवड्यात मात्र तो आपल्या घरच्या बोळातून हिंडावे तसा पाइपांमधून हिंडू लागला. 'इथे पाठीवर झोपावं लागेल', 'इथे गुडघा टेकणार', असे तो सांगे आणि ती ऐके. पाइपावर पाना ठोकून आवाजावरून पाणी कोठे अडले ते कसे कळते, गुडघ्यावरचा तो व्रण कसला, हे तिला विचारावेसे वाटे. पैकी पहिला प्रश्न कामाचा होता. दुसरा नव्हता, आणि हे तिच्या ध्यानात प्रश्न विचारून झाल्यावर आले.

अशा रीतीने तिने त्रेचाळीस व्हॉल्व्हांपाशी त्रेचाळीस पिवळसर, पारदर्शक पोकळ्या घातल्या. फिटरचे शरीर जेथे वावरेल तेवढी ती जागा, आणि त्या जागेत कोणाचाही पाइप येता कामा नये. हवेच्या डक्टवाल्यांशी ती दोनदा भांडली आणि दोन्ही वेळा जिंकली.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी अकराही फिटर पडद्यापुढे खुर्च्या टाकून बसले. मध्यभागी त्यांचे उस्ताद, ल्याव शिफू. पाइपांत चाळीस वर्षे घालवलेला हा माणूस कशावरही लगेच विश्वास ठेवीत नसे, पण न पाहता नाकारीतही नसे.

"ही पिवळी जागा तुमची आहे," यूफनने सांगितले. "इथे दुसरं काही येणार नाही."

कुजबुज झाली. कोणीतरी म्हणाले, "आमची जागा? आजवर कोणी ठेवली नव्हती बुवा."

"सतरा नंबर दाखवा," ल्याव शिफू म्हणाले. ते खुर्चीतून उठले, गुडघा टेकला, हवेत पाना धरून हात वळवला आणि थांबले. पुन्हा वळवला. "ए, तुम्हीही करा रे."

नऊ दणकट पुरुष कचेरीत गुडघ्यावर बसून हवेतले बोल्ट पिळू लागले. आ-थिंग तेवढा कोपऱ्यात उभा राहिला.

"शिफू, माझं कोपर भिंतीत जातंय!"

"माझं पाइपात!"

"मॅडम, ह्यात जागा आहे, पण भलत्याच बाजूला आहे!"

शिफूंनी पडद्याकडे पाहिले, मग आपल्या उजव्या हाताकडे. मग अगदी सावकाश मान वळवून कोपऱ्यात पाहिले. आ-थिंगच्या हातात चहाचा पेला होता... डाव्या हातात.

"हा पडद्यातला माणूस डावखुरा आहे," शिफू म्हणाले.

आणि असा हशा उसळला, की पत्रा थरथरला.

"मॅडम, रुग्णालय बांधताय की आ-थिंगचं घर?"

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! एकही आपल्यासाठी नाही रे!"

"अहो मॅडम," शिफू म्हणाले, "रोज समोर बसून जेवतो तो. काड्या कोणत्या हातात धरतो, दिसलं नाही? आणि दुपारी तुम्ही दोघं कुजबुजता, तेव्हा आम्ही झोपलेले असतो असं वाटतं का? घोरून घोरून घसा दुखायला लागला आमचा."

यूफनला जमिनीने गिळावे असे वाटत होते. परंतु लाजेच्या खाली एक थंडगार हिशेब चालू होता. शुक्रवारी तीन वाजता तैपेईला आराखडा जायचा. अकरा सह्या.

"चुकलं," ती म्हणाली. "मी एकाच माणसाच्या मापावरून सगळ्यांना मोजलं. काढून टाकते सगळं."

"काढता कशाला?" शिफू खेकसले. "चूक आहे, पण खुर्चीत बसून सापडली. इतकी वर्षं आम्हाला चूक सापडायची ती पाइप जोडून झाल्यावर. दोन दिवस आहेत. आम्हालाही मोजा."

दोन दिवस तिने दहा माणसे मोजली. कोणाचे पोट मध्ये येई, कोणाचा खांदा निखळलेला होता. आ-थिंग वही धरून आकडे लिहीत होता आणि त्याचे अक्षर दर तासाला बिघडत होते.

"शिफूंचा हात इतका वेळ का धरला होता?"

"त्यांचं बोट वळत नाही. ते मोजायला वेळ लागतो."

"बोट वळत नाही! तुमच्यासमोर वीस वर्षांच्या पोरासारखा व्हॉल्व्ह फिरवत होते..."

पोकळ्या दोन्ही बाजूंना वाढल्या, डक्टवाले तिसऱ्यांदा हरले, आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता तिच्या हातातील कागदावर दहा सह्या होत्या. अकरावा माणूस तळघरात पाइप उतरवून घेत होता. कोणाकडे तरी कागद धाडता आला असता. ती स्वतः गेली.

तळघरात ओल्या सिमेंटचा वास होता आणि कोठेतरी पाणी ठिबकत होते. आ-थिंग पाइपांच्या चळतीची साखळी कशीत होता.

"तुम्हाला माहीत होतं," यूफन म्हणाली.

पाना थांबला. "काय?"

"मी सगळी जागा डाव्या हाताला ठेवतेय, ते. महिनाभर फिरलात तुम्ही त्या मॉडेलमध्ये. दिसलं नाही, असं सांगू नका."

"...दुसऱ्या आठवड्यात दिसलं."

"आणि गप्प बसलात?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या कोणाला समोर बसवलं असतं तुम्ही. रोज. तासभर." त्याने हात पुसले, ते आधीच कोरडे होते. "सकाळी ठरवायचो, आज सांगतो म्हणून. मग तुम्ही टेप काढायचात..."

"मला परत जावं लागलं असतं! इथे यायला मी किती भांडले, माहीत आहे?"

"माहीत आहे." त्याची मान खाली गेली. "बुधवारी सगळे हसत होते आणि तुमचा चेहरा पांढरा पडला, तेव्हा कळलं मी काय केलं ते. द्या कागद. सही करतो. मग माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. इथे राहाल, एवढं पुरे."

तिला आलेला राग लटका नव्हता. तिच्या कामाशी तो खेळला होता, आणि हे तिने त्याला पुढेही विसरू दिले नसते. पण रागाच्या शेजारी दुसरेही काही उभे होते, आणि प्रामाणिकपणा एका बाजूनेच मागणे तिच्या तर्काला मान्य होईना. तिने कागद मागे घेतला.

"थांबा. शिफूंनी विचारलं ना, काड्या कोणत्या हातात धरतो ते दिसलं नाही का... मी मुद्दाम गप्प बसले. दिसत होतं. रोज पाहत होते."

"मग?"

"पण डावा म्हणून नाही." ती पाइपांच्या चळतीकडे पाहत बोलत होती. "हात म्हटलं, की माझ्या डोळ्यांपुढे तोच यायचा. दुसऱ्यांचा वेगळा असेल... हे विचारायचं सुचलंच नाही मला."

वर कोणीतरी लोखंडावर लोखंड आपटले. आ-थिंगचे कान हळूहळू लाल होत गेले.

"हे बुधवारीच सांगितलं असतंत," तो अखेर म्हणाला, "तर मापं न घेताच सगळ्यांनी सह्या केल्या असत्या."

ती हसली. हसू आवरेना, तशी पाइपाला टेकून उभी राहिली. आणि मग कागद त्याच पाइपावर सपाट पसरून, एक कोपरा आपल्या तळव्याने दाबून धरून, तिने पेन त्याच्यापुढे केले.

"सही कर," ती म्हणाली. "दोन वर्षं आहेत. उरलेलं भांडण सावकाश करू."