डोंगराकडची बाजू

माझी आणि धाकट्या भावाची सुट्टी बऱ्याच वर्षांनी एकदाची जुळली, म्हणून आम्ही तो डोंगरातला तलाव बघायला निघालो. गाडी आमच्याकडे नाही. तिथली साधी बस तलावाला वळसा घालून जाते असं कळलं होतं. दुपारची वेळ. बसमध्ये शिरलो तर सगळे प्रवासी डोंगराच्या बाजूला दाटीवाटीने बसलेले, काही तर उभेच. तलावाची बाजू सगळी रिकामी.

"अख्खा तलाव आपल्याला आंदण दिलाय, ताई," म्हणत भावाने खिडकी पकडली.

कुणी हसलं नाही. आम्ही न विचारता त्यांच्या ताटात हात घातला असावा, तसे सगळे आमच्याकडे बघत राहिले. तिकीट फाडताना कंडक्टरने पलीकडे उभं राहायला सांगितलं. भाऊ म्हणाला, तलाव बघायला आलोय, उभं राहायला नाही. कंडक्टरने वाद घातला नाही. पण एका बाईने माझा दंड धरून मला ओढलं आणि आपल्याशेजारी दाबून बसवलं. त्या पकडीत माया नव्हती.

वळणानंतर धुकं उतरलं. काचा बंद असूनही ओल्या लोकरीसारखा कुबट वास आत आला. मग पाण्याच्या अगदी काठाशी बस थांबली. तिथे थांबा नव्हता, घर नव्हतं, माणूस नव्हतं. दार उघडलं. भाऊ फोटो काढायला खाली उतरला, आणि त्याच्या पाठीमागे दार मिटलं.

बस सुटली. मी ओरडले, दार बडवलं. ड्रायव्हरने मानसुद्धा वळवली नाही. दोघातिघांनी मला धरून खाली बसवलं. मागच्या काचेतून भाऊ दिसत होता. तो बसमागे धावत नव्हता. पाण्याकडे तोंड करून कुणाशी तरी बोलत होता.

पुढच्या गावात मला उतरवल्यावर कंडक्टर पहिल्यांदा नीट बोलला, तेही दबक्या आवाजात.

"मागच्या बसने येईल तो... घरी नेऊ नका."

"माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच सांगतोय, बाई."

मागची बस आली. भाऊ हसत उतरला. केस नीट बसलेले, कपडे कोरडे. सोडून का गेलीस, असं एका शब्दाने विचारलं नाही. मी काय करणार होते? पाठच्या भावाला तिथे टाकून येणार होते? आणलं, त्याच्या घरी सोडलं.

परवा दुपारी भावजयीचा फोन आला. मी माझ्या घरात एकटीच होते. तो वेळेवर जेवतो, कामावर जातो, पोरांवर आवाज चढवत नाही, असं सगळं चांगलंच सांगत होती. मग तिने आवाज खाली आणला.

"वन्सं... तुम्ही नक्की यांनाच आणलंत ना?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात अगदी शांत आवाज आला,

"हो म्हण ना, ताई."

पलीकडून भावजयीने विचारलं,

"वन्सं... हे तुमच्याकडे आलेत का?"