अमास्याच्या कड्यावर राहिलेला माणूस

"चोवीस डबे संपले, चोवीस माणसं आली! बस सोडा!" जयंतकाकांनी रिकामं खोकं उलटं करून दाखवलं.

लंडनजवळच्या हॅरोच्या मराठी मंडळाची ही ईस्टरच्या सुट्टीतली तुर्कस्तानची सहल. जयंतकाका कधीच डोकी मोजत नसत. जेवणाचा डबा गेला की माणूस आला, अशी त्यांची पद्धत!

अमास्यामधून बस निघाली. नदीकाठची जुनी लाकडी घरं आणि त्यांच्या वर कड्याच्या कातळात कोरलेल्या, सगळे नुकत्याच पाहून आलेल्या राजांच्या कबरी खिडकीतून दिसत होत्या. तेरा वर्षांच्या ऋजुताने पुढच्या सीटकडे पाहिलं.

"शार्दूल, विष्णूआजोबा कुठे आहेत?"

"बफर होत असतील!" शार्दूल खिदळला. हळू चालणाऱ्या आजोबांना हे नाव त्यानेच ठेवलं होतं.

"गप्प बस! सीट रिकामी आहे!"

आजोबांचा मुलगा यतीनकाका मागे फोनवर होता. "असतील कुठेतरी पुढे. जा गं, ऑफिसचा कॉल आहे."

"त्यांचा डबा गेलाय ना? मग आजोबाही आलेत!" जयंतकाका खेकसले. "फ्लाइट चुकवाल तुम्ही."

दहा वर्षांची सान्वी सीटखालून सरपटत मागे गेली आणि तशीच परत आली. "यतीनकाकाच्या पायाशी दोन रिकामे डबे आहेत!"

ऋजुताने घड्याळ पाहिलं. आजोबा सकाळी इन्सुलिन घेत. एक वाजता खाल्लं नाही तर शुद्ध हरपते, हे त्यांनीच नाश्त्याला सांगितलं होतं. आता पावणेदोन झाले होते!

"शार्दूल, ओकायचं नाटक कर! आत्ताच्या आत्ता!"

शार्दूलने ड्रायव्हरच्या कानाशी अशी भयंकर उबळ काढली की करकचून ब्रेक लागला. दार उघडताच तिघांनी उड्या मारल्या आणि कड्याकडे धूम ठोकली. आता मोठ्यांना मागे पळावंच लागलं!

"आपण उतरताना ते हाका मारत होते," पायऱ्या चढताना शार्दूल धापा टाकत म्हणाला.

"हो," ऋजुता म्हणाली. "तू नक्कल केलीस आणि मी हसले."

आजोबा एका कबरीच्या सावलीत कलंडले होते. सदरा घामाने चिंब, डोळे अर्धवट मिटलेले. कबरींचा पहारेकरी घाबरून त्यांना वारा घालत होता. सान्वीने पिशवीतून सफरचंदाचा रस काढला. ऋजुताने आजोबांचं डोकं उचलून धरलं आणि घोट घोट पाजला. दहा मिनिटांनी त्यांनी मान हलवली.

यतीनकाका धापा टाकत पोचले. "बाबा, मला वाटलं तुम्ही पुढे बसलात..."

"माझा डबा घेतलास?"

"तुम्हाला द्यायलाच घेतला होता."

"मग?"

यतीनकाकांच्या ओठाला लोणच्याचं तेल लागलं होतं. त्यांनी ते घाईघाईने पुसलं.

"वा रे पोरांनो! मंडळाचं नाव राखलंत!" जयंतकाका ओरडले. "होऊन जाऊ दे टाळ्या!"

कोणीही टाळी वाजवली नाही.

आजोबांनी तिघांकडे पाहिलं. "शाबास! उशीर केलात, पण आलात." मुलाने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला आणि शार्दूलच्या खांद्यावर भार टाकून ते उठले.

जिना अरुंद होता. सगळं मंडळ आजोबांच्या मागे, त्यांच्याच चालीने खाली उतरत राहिलं. खाली ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. आजोबांना घाई करा म्हणायची मात्र कोणाचीच छाती झाली नाही.