मिळवलेला तास

"जागा आहे का?"

दार उघडलं तर पायरीवर हा उभा! केसांतून पाणी निथळतंय, पाठीवर फुगलेली पिशवी, आणि हसू असं, की जणू मीच बोलावून घेतलंय.

"खिडकीतली पाटी दिसली नाही? 'जागा नाही' लिहिलंय."

"दिसली. पण तुम्ही ती आत्ता लावलीत. मी रस्ता ओलांडेपर्यंत तरी थांबायचं..."

बोटींच्या शर्यतींचा आठवडा होता, आणि त्या आठवड्यात आमच्या ब्रॅकनविकमध्ये पाठ टेकायला बाकडंसुद्धा मिळत नाही. आमच्याकडं उरली होती फक्त पोटमाळ्यावरची अडगळीची खोली.

"पोटमाळा आहे. तोही शनिवारपर्यंतच. आणि वाकून राहावं लागेल," मी म्हटलं.

"तुमच्यापुढं? वाकतो की."

आगाऊ कुठला! मी किल्ली त्याच्या हातावर आपटली आणि आत वळले. हसू आलेलं त्याला दिसू नये म्हणून.

नाव जॉन्टी लेगेट. नॉरफोकच्या किनाऱ्यावरचा, होड्या दुरुस्त करणारा. घर डॉट आत्याचं, पण भाड्यानं उतरणाऱ्या पाहुण्यांचं सगळं माझ्याकडं — चादरी, न्याहारी, आणि न्याहारीची ती मोठी पितळी घंटा. ती वाजली की सगळे खाली येतात. हा सोडून.

"घंटा ऐकू येत नाही का हो तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी मी गार टोस्ट त्याच्यापुढं आदळला.

"येते ना. पण न उतरलं की तुम्ही जिन्यात येऊन परत वाजवता. ती जास्त गोड वाजते."

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाई खुदकन हसल्या. माझे कान तापले.

"बरं, या गावात करायचं काय असतं?" त्यानं विचारलं.

"धक्क्यावर बसायचं, दोरीला बेकनचा तुकडा बांधायचा, खेकडे धरायचे आणि सोडून द्यायचे."

"आणि मग?"

"मग परत धरायचे!"

"एकट्याला जमेल असं वाटत नाही मला..."

गेले मी. काय करणार! धक्क्यावर पाय सोडून बसलो, कागदातले गरम बटाटे आणि तळलेला मासा खाल्ला. खेकड्यानं माझं बोट धरलं, तर यानं ते सोडवून त्यावर फुंकर घातली... आणि फुंकर संपल्यावरही बोट सोडलं नाही. 'तुम्ही' कधी गळालं, दोघांनाही कळलं नाही.

पण शुक्रवार आलाच. आमच्याकडं पाहुणे शनिवारी बदलतात. सकाळी जुने जातात, दुपारी नवे येतात. त्याची खोलीही पुढच्या पाहुण्याला दिलेली होती. 'राहा' म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि तो 'राहू का' विचारेना.

"त्या सुळक्यापलीकडच्या खाडीत काळा चमकता दगड सापडतो म्हणतात," दारात बूट बांधता बांधता तो म्हणाला. "अंगठीत बसवण्याजोगा."

"कुणासाठी?"

"आहे एक... घंटा वाजवणारी."

"भरतीच्या आत परत ये. दारातली पाटी बघून जा," एवढंच म्हटलं. भरतीत सुळक्याखालची वाट बुडते, म्हणून रोज सकाळी त्या पाटीवर मी खडूनं लिहिते, किती वाजेपर्यंत सुळका ओलांडून परत यायचं ते.

दुपारी चादरींच्या घड्या घालताना आत्या सहज म्हणाली, "हुशार आहे हो तुझा जॉन्टी. पाटी बघून म्हणाला, यात तास मिळवायचा असतो, म्हणजे भरपूर वेळ आहे."

"मिळवायचा? अगं आत्या, मी मिळवूनच लिहिते!"

भरतीचं पुस्तक छापतात हिवाळ्याच्या घड्याळाप्रमाणं. इकडं उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं करतात, म्हणून पुस्तकातल्या वेळेत तास मिळवायचा, हे समुद्रकाठचं शेंबडं पोरही जाणतं. त्याच्या गावी पाटीवर पुस्तकातली वेळ जशीच्या तशी उतरवत असणार. एखादा शहरी पाहुणा पाटीवरच्या वेळेला निमूट परत आला असता. हा समुद्र जाणणारा, म्हणूनच फसला!

मी घड्याळाकडं बघितलं. सुळक्याला पाणी लागलेलं असणार.

"बचावबोटीला फोन कर!" मी ओरडले, मेजावरची घंटा उचलली आणि कड्याच्या वाटेनं धावत सुटले.

वर पोचले तेव्हा दम छातीत मावत नव्हता. खाली खाडीचं तोंड बंद झालेलं. उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर तो ओणवा बसून दगड उलटत होता, पाठ समुद्राकडं!

"जॉन्टी! अरे जॉन्टी!"

वाऱ्यानं हाक माझ्याच तोंडात परत कोंबली. लाटा त्याच्या पिशवीपर्यंत आल्या होत्या. देवा, हा जिवंत वर येऊ दे, मग मी सगळं बोलेन... मी दोन्ही हातांनी घंटा धरली आणि जीव तोडून वाजवली. न्याहारीला वाजवते तशी. मग परत, जिन्यात वाजवते तशी.

त्यानं मान वर केली. मग मागं वळून पाणी बघितलं. इतक्या लांबून चेहरा दिसला नाही, पण तो ताडकन उभा राहिला. मी हात फेकून फेकून दाखवत राहिले: डावीकडं, कपारीमागं, खाणकामगारांची जुनी लोखंडी शिडी! तो धावला. लाटेनं गुडघे गाठले, मग कंबर... मग तो कपारीमागं दिसेनासा झाला.

मी वाजवतच राहिले. थांबले तर तो बुडेल, असंच वाटत होतं.

आणि मग कड्याच्या काठावर, गवतात, एक ओला हात आला.

मी त्याला धरून ओढलं आणि आधी दंडावर दोन रट्टे घातले. "शहाण्या! तास मिळवतोय म्हणे! कुणी सांगितलं होतं?"

"आमच्याकडं मिळवतात गं..." दात वाजत होते त्याचे. "दगड सापडला होता. शिडीवर दोन्ही हात लागले, तेव्हा..."

"खड्ड्यात गेला दगड!" आणि मी रडायलाच लागले. घंटा, नाक, सगळं त्याच्या ओल्या छातीवर.

खाली बचावबोट सुळका वळून आली. मी हात हलवला, त्यांनीही हलवला.

"ब्रायनी," तो हळूच म्हणाला, "उद्या दहाची गाडी आहे माझी..."

"त्यात तास मिळव."

"अगं, मग गाडी चुकेल."

"चुकू दे."

त्यानं माझ्या हातातली घंटा घेतली आणि गवतात ठेवून दिली.