पाणभिंतीपलीकडची हाक

दुपार चढली की बुलबुल बहिरी व्हायची.

बुलबुल म्हणजे उत्पलाच्या आजोबांच्या खोलीतला बोलका स्पीकर. आजोबांना घरात सगळे आबा म्हणत. सकाळी आबांनी "बातम्या लाव" म्हटलं की बुलबुल लगेच लावायची, संध्याकाळी त्यांच्याशी गप्पाही मारायची. पण ऐन दुपारी काही सांगायला जावं, तर तिचं एकच उत्तर, "माफ करा, मला जोडणी मिळत नाही."

एरवी हे कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण आबांचं मांडीचं हाड मोडलेलं होतं. आई-बाबा कामावर आणि उत्पला शाळेत गेली, की घरात त्यांना बुलबुलचाच आधार. गेल्या आठवड्यात दुपारी पाण्याचा तांब्या घेताना ते पलंगावरून घसरले. "बुलबुल, सुभाषला फोन लाव," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले; सुभाष म्हणजे उत्पलाचे बाबा. फोन काही लागला नाही. उत्पला शाळेतून आली तेव्हा आबा अजून फरशीवरच होते.

कंपनीचा दुरुस्ती-रोबो येऊन गेला. तो नेहमी सकाळीच यायचा, सगळं तपासायचा आणि "दोष आढळला नाही" म्हणून निघून जायचा. शेवटच्या खेपेला तर त्याने नवीकोरी बुलबुल बसवून दिली. तीही दुपारी बहिरीच!

शेवटी उत्पलाचे बाबा म्हणाले, "आबा, तुम्ही आता पुण्याला दादाकडे राहा. तिथं दिवसभर घरात माणूस असतं. सोमवारी निघू."

सगळं आयुष्य आबांनी अकोल्यात काढलं होतं. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. उत्पलाने विशाखा आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्या रेडिओ दुर्बिणीवर (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या यंत्रावर) संशोधन करायची.

"आत्या, तुला कुठल्या कुठल्या ताऱ्यांचं ऐकू येतं, आणि आमच्या बुलबुलला शेजारच्या खोलीतलं येत नाही!"

आत्या हसली. "बुलबुल सगळं स्वतःच करते असं वाटतं का तुला? तुमचं बोलणं ती रेडिओ लहरींवरून राउटरकडे (घरभर बिनतारी संदेश पोचवणाऱ्या पेटीकडे) पाठवते. राउटर ते बाहेरच्या जगात पोचवतो आणि उत्तर घेऊन येतो. मग अडचण कुठे असेल?"

"बुलबुल चांगली आहे, राउटरही चांगला आहे..." उत्पला विचार करत म्हणाली. "म्हणजे दोघांच्या मध्ये!"

"बरोबर. आता फक्त दुपारीच मध्ये काय येतं, ते शोध."

राउटर बैठकीच्या खोलीत होता. भर दुपारी, आत्याचा कॉल चालू ठेवून, उत्पलाने बुलबुलला उचलून तिथं नेलं आणि म्हणाली, "लहरी कशा येताहेत ते सांगत राहा." मग तिला घेऊन ती एकेक पाऊल टाकत आबांच्या खोलीकडे निघाली.

"छान... छान..." बुलबुल म्हणत होती. खोलीत शिरल्याबरोबर तिचा सूर बदलला. "क्षीण... फार क्षीण..."

उत्पलाने वळून पाहिलं. दोन खोल्यांच्या मध्ये पाणभिंत होती. अकोल्याचा उन्हाळा दिवसेंदिवस कडक होत चालला, तेव्हापासून नव्या घरांत खोल्या गार ठेवणाऱ्या अशा भिंती आल्या होत्या. आतून पोकळ. ऊन तापलं की त्यात पाणी चढायचं आणि संध्याकाळी ते जमिनीखालच्या टाकीत उतरायचं.

तिने धावत जाऊन भिंत रिकामी करायचं बटण दाबलं. गुडगुड करत पाणी खाली उतरू लागलं.

"क्षीण... बऱ्या... छान!" बुलबुल म्हणाली.

"आत्या, सापडलं!"

"थांब. हा योगायोगही असू शकतो. पुन्हा भर."

उत्पलाने भिंत भरली. बुलबुल पुन्हा बहिरी. रिकामी केली, पुन्हा छान. मग कुठे आत्या खूश झाली.

"पाण्याच्या रेणूला (पाण्याच्या सर्वांत लहान कणाला) दोन टोकं असतात," तिने समजावलं. "एक थोडं धन, एक थोडं ऋण. रेडिओ लहर आली की रेणू तिच्याबरोबर वळायला बघतो. लगेच लहर उलटते, तोही उलटा वळू लागतो. असे असंख्य रेणू एकमेकांना धडकतात आणि लहरीची ऊर्जा त्यातच संपते. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न असंच तापतं. राउटरच्या लहरी फार दुबळ्या, त्यामुळे पाणी तापल्याचं कळतही नाही. पण लहर मात्र विरून जाते."

आबा पलंगावरून ऐकत होते. "म्हंजे माह्यी हाक पाणीच पिऊन टाकते काय वं?"

"हो आबा!" उत्पला म्हणाली. "आपण भिंत रिकामीच ठेवू."

"आन् मी भाजून निघू?"

आत्या म्हणाली, "लहरींना पाण्यातूनच कशाला न्यायचं? वळसा घालून ने."

बैठकीतून आबांच्या दाराकडे जाणारा एक बोळ होता, आणि त्याच्या वळणावर पाणभिंत नव्हती. तिथं उभं राहिलं की राउटरही दिसायचा आणि आबांचा पलंगही. संध्याकाळी बाबांनी एक पुनर्प्रक्षेपक (आलेला संदेश टिपून पुढे पाठवणारी छोटी पेटी) आणला. उत्पलाने तो बरोबर त्या वळणावर लावला.

"उद्या भर दुपारी चाललं, तरच मी मानेन," बाबा म्हणाले.

रविवारी पाणभिंत काठोकाठ भरली होती. बाबा मुद्दाम बाजारात जाऊन थांबले. आबांनी घसा खाकरला.

"बुलबुल, सुभाषला फोन लाव."

उत्पला बुलबुलकडे कान लावून उभी राहिली.

"लावते, आबा."

"बोला आबा!" बाबांचा आवाज खोलीभर घुमला.

आबांचे डोळे भरून आले, पण आवाज ठणठणीत होता. "येतानी एक टरबूज घेऊन ये बाप्पा. आन् ते पुण्याचं तिकीट रद्द कर."

टरबूज खाता खाता उत्पलाच्या डोक्यात एक प्रश्न आला. तिने आत्यालाच विचारलं, "पाणी लहर शोषतं, तर लहर किती शोषली गेली यावरून पाणी किती आहे ते कळेल ना? म्हणजे मातीतलं? उकरून न पाहता?"

"कळतं. अनेक जण त्यावर काम करताहेत," आत्या म्हणाली. "अजून पुष्कळ बाकी आहे. तू करून बघ की!"

उत्पलाने आपलं स्मार्ट मनगटी घड्याळ प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत घालून लिंबाच्या मोठ्या कुंडीत मुळांइतक्या खोल पुरलं. घड्याळाकडून येणाऱ्या लहरींचा जोर तिच्या डिजिटल पाटीच्या (टॅबच्या) पडद्यावर दिसत होता. आबा चाकांच्या खुर्चीत बसून तांब्याने हळूहळू पाणी घालू लागले. आधी आकडा जेमतेम हलला. कोरडी माती पाणी पीत राहिली. मग पडद्यावरचा आकडा भराभर खाली उतरू लागला.

"आबा, थांबा!" उत्पला ओरडली. "पाणी मुळांपर्यंत पोचलं!"