दाराआडची ओ

“काही सापडेनासं झालं ना मॅडम, की घाबरायचं नाही. आधी स्वतःलाच हाक मारायची. मग दारातल्या पेटीला. मग शेजाऱ्याला. जिथून ओ येणार नाही, तिथे बिघाड.”

नवे संगणक बसवून जाताना झुबेर मुकादमने हे सांगितलं होतं. डॉ. वैजयंती पाटणकरांना ते आज आठवलं, ते एका प्रिंटरमुळे.

दुपारी मज्जासेतू केंद्राच्या समितीची बैठक होती आणि तिच्यासाठी वैजयंतीबाईंना एक संमतिपत्र छापायचं होतं. त्यावर सही झाली की दिवाकर ओगले या रुग्णाच्या मेंदूतले मज्जाबिंदू विरघळवून टाकले जाणार होते.

मज्जाबिंदू म्हणजे मोहरीहून लहान यंत्रकणिका. पक्षाघाताचा झटका येऊन मेंदूतली वाट तुटली, की तुटलेल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे त्या पेरायच्या. त्या एकमेकींशी बिनतारी बोलू लागतात, त्यांचं एक छोटंसं जाळं तयार होतं आणि अडलेले निरोप पुन्हा जाऊ-येऊ लागतात. पण मेंदू कामातच नसेल तर त्या नुसत्या सूज आणतात. म्हणून नियम असा, की बिंदूंकडून माहिती येणं थांबलं आणि मुदत उलटली, की औषध देऊन ते विरघळवायचे. त्याच मेंदूत ते पुन्हा पेरता येत नाहीत. येवल्यात भूगोल शिकवणाऱ्या आणि आता इथे केंद्रात निपचित पडलेल्या ओगले सरांकडून महिनाभर काहीही आलेलं नव्हतं.

संगणकाच्या यादीत प्रिंटर दिसेना. एरवी वैजयंतीबाई शेजारच्या टेबलावरून कागद छापून घेत. आज शेजारी कुणी नव्हतं. प्रिंटर मात्र कोपऱ्यात हिरवा दिवा लावून बसला होता. मघाशीच त्याने कुणाचे तरी कागद काढून दिले होते.

महिन्याभरापूर्वी केंद्राने जुनी संगणकप्रणाली सोडून ही नवी घेतल्यापासून बाईंची अवस्था सासरच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा शिरलेल्या मुलीसारखी झाली होती. डबे सगळे होते, पण मीठ कुठल्या डब्यात ते ठाऊक नाही. झुबेरने सांगितलेली एकेक पायरी त्यांनी संगणकावर गिरवली. स्वतःला हाक मारली, ओ आली. दारातल्या पेटीला, म्हणजे राउटरला मारली, ओ आली. प्रिंटरचा पत्ता त्याच्या पाठीवर चिकटवलेला होता, तो घालून हाक मारली. तीही ओ लगेच आली.

आणि तरीही यादीत प्रिंटर नव्हता.

समोर धडधडीत चालू असलेलं यंत्र या टेबलाला दिसत नाही. ओगले सरांचे बिंदू दिसत नाहीत, तेही याच टेबलाला.

बाईंनी बोलावताच झुबेर जिना चढून आला तो चहाचा पेला हातात घेऊनच.

“हाक मारली की ओ येतेय, म्हणजे पत्ता ठीक, तार ठीक,” तो पडद्याकडे वाकून म्हणाला. “पण यंत्रं आपणहून सांगत असतात ना, ‘मी इथे आहे’ म्हणून? ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. पहिल्या दिवशी यानं तुम्हाला विचारलं असणार, हे जाळं घरचं की परकं?”

“विचारलं होतं. मी परकं म्हटलं.”

“का हो?”

“संस्थेचं जाळं ते, झुबेर. माझ्या घरचं कसं म्हणू? खोटं नाही का होणार?”

झुबेरला हसू आवरेना. “अख्ख्या मजल्यावर तो प्रश्न वाचणाऱ्या तुम्ही एकट्या! बाकीच्यांनी न वाचता ‘घरचं’ दाबलं, म्हणून त्यांचं सुरळीत चाललंय. परकं म्हटलं की आतला राखणदार दार लावून घेतो. तुम्ही बाहेर बोलाल, त्याचं उत्तरही येईल. पण बाहेरून कुणी आपणहून हाक मारली तर तो आत येऊ देत नाही.”

बाई हसल्या नाहीत. “बिंदू आपणहूनच हाक देतात,” त्या सावकाश म्हणाल्या. “शक्ती वाचवायला दिवसातून एकदाच. पहाटे, शरीर जागं व्हायच्या वेळी. आपण ओ दिली की मगच पुढची माहिती पाठवतात.”

झुबेरने पेला खाली ठेवला. दारातल्या पेटीतल्या नोंदी त्याने उघडल्या. ओगले सरांची हाक रोज आली होती. आज पहाटेही. फक्त सुरुवातीपेक्षा आखूड होत गेलेली.

“आता आपणच त्यांना हाक मारू,” तो म्हणाला.

यादीत जे दिसत नाही त्याला हाक मारावी, हे महिनाभर कुणालाच सुचलं नव्हतं. शस्त्रक्रियेच्या वेळी नोंदलेला पत्ता बाईंनी घातला. पडद्यावर तत्क्षणी शब्द उमटला. नाकारलं.

झुबेरने स्वतःच्या लॅपटॉपवरून करून पाहिलं. नाकारलं.

“बंद पडलेलं यंत्र असं करत नाही, मॅडम,” त्याचा आवाज खाली आला होता. “ते गप्प बसतं. वाट बघून बघून आपलीच वेळ संपते. इथे तर कुणीतरी लगेच नाही म्हणतंय.”

बैठकीत ओगले सरांच्या पत्नी शशीताई संचालकांच्या समोरच बसल्या होत्या. संचालक डॉ. रणदिवे वाईट माणूस नव्हते, पण शब्द मोजून वापरत.

“हाक येतेय हे चांगलंच,” ते म्हणाले, “पण हाक बिंदूत बांधलेलीच असते. मेंदू गेल्यावरही ती घड्याळासारखी वाजत राहील. आणि नकार म्हणाल, तर तो बिंदूंचा, ओगल्यांचा नाही.”

“कोऱ्या बिंदूला नाही म्हणताच येत नाही, सर,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “आपणच ते तसे घडवलेत. पेरल्या दिवशी ते कुणालाही आत घेतात. कुणाला थांबवायचं हे ते भोवतालच्या पेशींकडून शिकतात. तेही त्या पेशी काम करत असतील तरच. निकामी पेशींकडून आजवर एकही बिंदू काही शिकलेला नाही.”

डॉ. रणदिव्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे नाही म्हणायला त्यांना कुणीतरी शिकवलंय,” ते म्हणाले.

“ओगले सरांनी.”

“पण नाही का म्हणतील ते?” शशीताईंनी विचारलं. “मी काय वाईट केलं त्यांचं?”

“तुम्ही नाही, शशीताई. मी.” बाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “ते रोज पहाटे हाक मारत होते आणि माझ्या टेबलाने दार लावून घेतलं होतं. हाक मारून कुणी ओ देत नाही, हे मेंदूला कळलं. मग त्यानंही आपलं दार लावून घेतलं. सगळ्यांनाच.”

शशीताईंच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच फुटला.

“रुसलेत म्हणा की सरळ! घरी तरी दुसरं काय करायचे? अंघोळीला पाणी मागितलं आणि मी ऐकलं नाही, तर गार पाण्यानं करून घ्यायचे, पण दुसऱ्यांदा मागायचे नाहीत. मेला तोच स्वभाव तिथेही!”

समितीतल्या कुणाला हसावं की नाही, कळेना. संमतिपत्र बाजूला सरकवलं गेलं.

“मी यंत्रालाच ओ द्यायला लावतो,” झुबेर म्हणाला. “रोज पहाटे, आपोआप. चुकायचं कामच नाही.”

“नाही चालणार,” डॉ. रणदिवे म्हणाले. “रोज तीच ओ, त्याच ठेक्यात आली तर मेंदू तिची दखलच घेणार नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येते का? ओ जिवंत हवी. कधी अडखळलेली, कधी सर्दीतली. माणसाने आपल्या आवाजात द्यायची आणि वर काही विचारायचं नाही. त्यांनी आपणहून दार उघडेपर्यंत.”

“किती दिवस?”

“ते त्यांच्यावर. आणि मध्ये एक पहाट चुकली, तर कुणी ओ देत नाही, हेच त्यांना पुन्हा खरं वाटेल.”

शशीताईंनी पदर बोटाला गुंडाळला. येवल्याला सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. रोज पहाटे इथे असणं त्यांना शक्य नव्हतं, आणि ते कबूलही करवत नव्हतं.

“तुम्ही जमेल तेव्हा या,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “तुमचा आवाज ऐकला तर लवकर उघडतीलही. बाकी रोज मी आहे.”

“रोज? बाई, तुमचं वय काय, थंडी काय पडते इकडे...”

“रोज,” बाई म्हणाल्या. “शब्द देते.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वैजयंतीबाईंनी देवापुढे समई लावली. लग्न होऊन आल्यापासून त्यांची या वेळेची पूजा कधी चुकली नव्हती. आजारपणातही नुसतं पाणी घालून का होईना, झाली होती. फुलांची परडी आज तशीच बाजूला राहिली. त्यांनी हात जोडले.

“तुमचं आल्यावर करते,” त्या हळूच म्हणाल्या. “तिकडे हाक यायची वेळ झाली.”

मग शाल डोक्यावरून घेऊन, कडीचा आवाज होणार नाही अशा बेताने दार ओढून, त्या केंद्राच्या वाटेला लागल्या.