वॉटीचा दगड

तीन हिवाळ्यांनी तळं पुरतं गोठलं. बर्फावर जड दगड सरकवायचा खेळ खेळणाऱ्या कर्लिंग क्लबचा प्रमुख निव्हन याने कोठीचं कुलूप काढलं. आत वॉटी हॅल्डेनचा दगड जप्तीच्या लाखेसकट तसाच होता. वॉटी मात्र गेल्या उन्हाळ्यातच गेला होता. हाय खाऊन गेला, असं त्याची मुलगी एफी उघड बोले.

तीन वर्षांपूर्वी अंतिम सामन्याआधी हा दगड नियमाच्या चाळीस पौंडांपेक्षा सहा पौंड जादा भरला होता. लबाड ठरलेल्या वॉटीशी कुणी हातही मिळवला नाही. चषक सेक्रेटरी बेअर्डने नेला.

दगड पोस्टाच्या काट्यावरही तोलता आला असता. पण एफीला बेअर्डचं नाक सगळ्या गावासमोर कापायचं होतं.

"तोललं कुणी?" तिने भर बर्फावर बेअर्डला विचारलं.

"मी. माझ्या दुकानात. सगळे बघत होते की!"

"वजनं कुणाची?"

"माझीच. तुझा बाप आणणार होता होय?"

"आणि तुमचा दगड?"

"बरोब्बर चाळीस पौंड. हाच तो."

"निव्हनकाका, तुमचा दगड बाबांच्या दगडावर नेमका मारा."

ठण्ण! वॉटीचा दगड सुटला. निव्हनचा वीतभर सरकून थांबला.

"आता बेअर्डसाहेबांचा. तेवढ्याच जोराने."

ठण्ण! या वेळी मारणारा दगडही चांगला पाच फूट पुढे गेला.

"जोर जास्त लागला!" बेअर्ड ओरडला.

निव्हनने आणखी दोनदा मारून पाहिलं. तेच झालं.

"सारख्या वजनाचा दगड आदळला, की आपली धाव समोरच्याला देऊन थांबतो," एफी म्हणाली. "मारणारा जड असला, तर देऊनही त्याच्याकडे धाव उरते. बाबांचा दगड काकांच्या दगडाइतकाच आहे. जड आहे तो तुमचा. काटा खरा होता, वजनं खोटी. बाबांसाठी एक पोकळ, तुमच्यासाठी एक शिसं भरलेलं. चला दुकानात, ती वजनं कापून बघू."

बेअर्डचा चेहरा पडला. "चषक एकदाच हवा होता गं," तो पुटपुटला आणि त्याने हात पुढे केला.

एफीने आपला खिशात घातला. बेअर्ड प्रत्येकासमोर गेला. प्रत्येक हात खिशात गेला. एफीला मनापासून बरं वाटलं.

निव्हनचे डोळे भरले होते. "पोरी, चुकलंच आमचं." त्याने हात पुढे केला.

एफीने खिशातला हात काढला नाही.

"त्या दिवशी बाबांनी पहिला हात तुमच्यापुढे केला होता, काका."