पंचेचाळीस बधिर मिनिटं

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या डाव्या गालावर पांढऱ्या क्रीमचा जाड थर होता आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेलं होतं. माझी अवस्था त्याहून वाईट. माझा अख्खा चेहराच तसा... डोळे, नाकपुड्या आणि तोंड तेवढं उघडं.

त्वचेच्या दवाखान्यातल्या त्या छोट्या खोलीत आम्हाला पंचेचाळीस मिनिटं बसायचं होतं. लेझरआधी कातडी बधिर व्हावी म्हणून. "हसू नका, प्लॅस्टिक सुटतं," नर्सनं दोघांनाही बजावलं आणि ती गेली.

दार लागलं तसा तो म्हणाला, "आता आपल्याला फ्रीजमध्ये ठेवणार बहुतेक."

मी हसले. हनुवटीवरचं प्लॅस्टिक सुटलं. मी ते हातानं दाबून धरलं आणि त्याच्या गालाकडे पाहत विचारलं, "कशानं झालं?"

"मांजरानं."

"इतकं?"

"जनावरांचा डॉक्टर आहे मी. बोक्याला इंजेक्शन देत होतो, पण त्याचं माझ्याआधी देऊन झालं. तीन ओरखडे चांगले खोल गेले. आता लोक कुत्री-मांजरं घेऊन येतात, माझा गाल बघतात आणि विचारतात – तुम्हाला नक्की जमतं ना?" तो जरा थांबला. "आणि तुमचं?"

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अनोळखी माणसं माझ्यापासून वीतभर अंतरावर बसतात आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात, कारण मीच त्यांना सांगते – माझ्या नाकाकडे बघा. सोळाव्या वर्षी आलेले मुरूम गेले, पण दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेले. बारा वर्षं मी उजेड टाळत आले होते; तपासणीच्या खोलीतला दिवाही लागतो त्याहून मंदच ठेवायचे.

हे मी ताईलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगून टाकलं. चेहरा झाकलेला असला की बोलणं किती सोपं जातं...

तो हसला नाही. "म्हणजे लोकांना नीट दिसावं म्हणून तुमची धडपड, आणि तुम्ही मात्र..."

"दिसू नये म्हणून."

एवढ्यात नर्सनं मला आत बोलावलं.

डोळ्यांवर धातूच्या वाट्या, टक-टक-टक असा आवाज, तापलेल्या रबरबँडचे फटके बसावेत तशी चुरचुर आणि नाकात जळक्या केसांचा वास. बाहेर आले ती पिकल्या टोमॅटोसारखी होऊन. त्याचंही झाल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना एकदमच दम दिला, "आठवडाभर ऊन वर्ज्य. ऊन लागलं तर कातडी काळवंडेल आणि सगळी मेहनत पाण्यात. पुढची सिटिंग सहा आठवड्यांनी."

जिन्यात तो घुटमळला. "तुमचा नंबर द्याल? नाही म्हणजे... खपल्या कधी पडतात ते ताडून बघायला कुणीतरी हवं."

मी दिला. इतकं तकलादू निमित्त मी जन्मात ऐकलं नव्हतं आणि इतकं आवडलंही नव्हतं.

"गालाचा सँडपेपर झालाय," तिसऱ्या दिवशी मी फोनवर सांगितलं.

"माझ्या गालाला एक कुत्रा आज फार वेळ हुंगत होता. त्याला मी खाण्यासारखा वाटतोय."

खपल्या पडून गेल्या, फोन चालूच राहिले. ताई दारातून डोकावून म्हणायची, "खपल्यांवर इतकं कुणी हसतं का गं?"

दुसऱ्या सिटिंगला, क्रीम लावायच्या आधी, आम्ही पहिल्यांदा एकमेकांचे उघडे चेहरे पाहिले. खिडकीतून लख्ख उजेड येत होता. सवयीनं माझी मान खाली गेली. तो अगदी माझ्याच सुरात म्हणाला, "माझ्या नाकाकडे बघा."

मी पाहिलं. नाकाकडे नाही... डोळ्यांकडे. त्या दिवशी मी कशी घरी पोहोचले, मला आठवत नाही.

आणि मग आठवड्याभरात फोन थांबले. मी केला तर एका ओळीचा निरोप – कामात आहे. पाच आठवडे मी मनातल्या मनात कुढत राहिले. त्या लख्ख उजेडात त्याला माझे खड्डे दिसले, दुसरं काय?

तिसऱ्या सिटिंगला त्याची खुर्ची रिकामी होती. नर्स माझ्या चेहऱ्यावरचं क्रीम पुसता पुसता म्हणाली, "ते मांजरवाले डॉक्टर ना? त्यांनी पुढच्या सगळ्या सिटिंग रद्द केल्यात. तुम्ही बसा हं, डॉक्टरबाईंना आधीच्या पेशंटपाशी अजून अर्धा तास लागेल."

अर्धा तास. त्याचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. मी छत्री उचलली.

"अहो, बधिरपणा उतरेल," नर्स मागून म्हणत होती. मी तोवर जिना उतरू लागले होते, पुढचं ऐकूच आलं नाही.

त्याच्या दवाखान्यात दोन कुत्री आणि एक पोपट ताटकळत होते. त्या सगळ्यांना ओलांडून मी थेट आत. तो टेबल पुसत होता, तोंडावर मास्क. मला बघून हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मास्क काढा," मी म्हणाले.

त्यानं हळूच काढला. ओरखडे फिके झाले होते, पण गालभर तपकिरी काळसर डाग पसरला होता.

"मागच्या सिटिंगनंतर चौथ्या दिवशी रस्त्यात एका गाभण कुत्रीला गाडीनं उडवलं," तो म्हणाला. "तिला हलवता येत नव्हतं. दीड तास भर दुपारी..."

"वाचली?"

"वाचली. तीन पिल्लं झाली."

"मग माझ्यापासून लपायचं काय कारण?"

"तुमचा चेहरा दिवसेंदिवस सुधारतोय. आणि माझा हा... असा. गालावरच्या खड्ड्यांचं बारा वर्षं मनाला लावून घेणारी मुलगी, हा डाग रोज कशाला बघेल?"

"मूर्ख आहेस तू," मी म्हणाले. 'तू' कधी आलं, कळलंच नाही. "मला वाटलं, तुला माझा चेहरा... पाच आठवडे मी आरशाशी भांडतेय. कळत कसं नाही तुला? माझं तुझ्यावर फ्रेम आहे."

तो बघतच राहिला. "फ्रेम?"

"ओठ बधिर आहेत. 'प' निघत नाहीये. चष्म्याची फ्रेम नाही... ते दुसरं."

बाहेर पोपट काहीतरी बडबडला. तो आधी नुसता ओठांतल्या ओठांत हसला, मग त्याला हसू आवरेना, मग मलाही. हसता हसता त्यानं हात पुढे केला आणि माझ्या गालाला बोटं टेकवली. मला काहीच जाणवलं नाही... तरी मी गाल त्याच्या बोटांवर टेकवला.

"लागतंय काही?" त्यानं विचारलं.

"नाही. पण हात काढू नकोस."

"माझंही आहे," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. प्लॅस्टिकसकट." मग त्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "किती वेळ उरलाय तुझ्याकडे?"

"दहा मिनिटं."

पोपटाच्या मालकिणीला "आलोच, आजी" असं सांगून त्यानं माझी छत्री धरली. एका छत्रीत दोन भाजके गाल सांभाळत आम्ही जवळजवळ पळतच निघालो. डॉक्टरबाईंनी आधी त्याचा डाग पाहिला, मग त्याला मनसोक्त झापलं. डाग चार-पाच महिन्यांत जाईल म्हणाल्या, क्रीम नेमानं लावलं तर. "आणि आता बाहेर बसा."

"मी इथंच थांबतो," तो म्हणाला. "एकदाच."

त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि त्याच्या हातात काळा गॉगल दिला. माझ्या डोळ्यांवर वाट्या आल्या, अंधार झाला, आणि त्या अंधारात त्याच्या हातानं माझा हात शोधून घट्ट धरला. टक-टक-टक सुरू झालं.

डॉक्टरबाई थांबल्या. "फार दुखतंय का? हात केवढा थरथरतोय."

"तिचा नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "माझा आहे."